नवरीच्या शालूत सिमेंट काँक्रीट

नवरीच्या शालूचा पदर भरायचा होता. सॉफ्टवेअरने पर्याय पुढे केले: वीट, गिट्टी, माती, लोखंड आणि सिमेंट काँक्रीट. भाचीने बराच विचार करून काँक्रीट घेतलं. विटांचा पदर पाहून नवरीच्या बापाला अर्धवट राहिलेलं बांधकाम आठवलं असतं. लोखंडाच्या तिरप्या रेघांनी शालूची सतरंजी झाली होती. काँक्रीटचे बारके ठिपके आणि मधूनमधून येणारे खडे लांबून जरीच्या बुट्ट्या म्हणून खपण्यासारखे होते. जवळून ते खडेच दिसतात, पण लग्नपत्रिका जवळून पाहतो कोण? लोक तारीख पाहतात आणि जेवणाची वेळ पाहतात.

भाची अमरावतीत डिझाईनचा डिप्लोमा करते, आणि ही पत्रिका तिथल्या सबमिशनची. कुठल्या कॉलेजात ते सांगत नाही, कारण तिचं अजून एक वर्ष जायचं आहे आणि प्रॅक्टिकलचे मार्क कॉलेजच्या हातात असतात. सॉफ्टवेअरचंही नाव घेत नाही. आमच्याकडे बायकांना नवऱ्याचं नाव घ्यायची पाळी आली, की निदान उखाण्याची सोय असते. भाचीनेही या सॉफ्टवेअरसाठी एक उखाणा रचला आहे, पण त्यातला यमक जुळवणारा शब्द छापण्यासारखा नाही. तर आपण त्याला जावईबापू म्हणू. मोठ्या घरचं स्थळ, खर्च भरपूर, मानपान सतत, घरातलं काम एक येत नाही, आणि ‘हे तुमच्याकडे असं का?’ असा चेहरा चोवीस तास.

जावईबापूंचं मूळ घराणं यंत्रांचे सुटे भाग आणि इमारतींचे नकाशे काढणारं. त्या कामात ते हुशार आहेत, यात वाद नाही. शाफ्ट, गिअर, जिना, सेप्टिक टँक अशी कामं त्यांना सांगावीत आणि बघत राहावं. कॉलेजच्या इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये त्यांची लायसन्स आधीपासून होती, त्यातली काही मशीनं दुपारी रिकामी राहायची. डिझाईनचा कोर्स सुरू झाला तेव्हा संगणकाच्या रकान्यात काहीतरी लिहायला हवं होतं. असलेलंच लिहून टाकलं. खरेदी नाही, फाइल फिरवणं नाही, कुणाची सही नाही. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांना आठवत असेल, की तिथे भूमिती आणि अक्षरलेखन एकाच पेपरात असतं. अर्ध्या कागदावर पंचकोन, उरलेल्यावर ठळक अक्षरं. माझा संशय असा, की अभ्यासक्रम ठरवणाऱ्या गृहस्थांनी तो पेपर लहानपणी फार मनावर घेतला असावा.

जावईबापूंसमोर नुसती रेघ ओढता येत नाही, ती सांगावी लागते. कुठून निघायचं, कुठे पोचायचं, लांबी किती, कोन किती. पत्रिकेच्या कोपऱ्यात मोर हवा म्हणून भाचीने मोराची मान काढायला घेतली, तर पहिला प्रश्न आला: त्रिज्या किती? आता मोराच्या मानेला त्रिज्या नसते, हे मोर पाहिलेल्या कुणालाही कळतं. त्यासाठी मेळघाटात जायला नको, सकाळी तुरीच्या वावराकडे चक्कर मारली तरी पुरे. शेवटी कंसाला कंस जोडत तिने मान काढली. तो मोर मान मोडून आल्यासारखा दिसतो, पण त्याचं प्रत्येक हाड मोजलेलं आहे.

रंग भरायचा तर सीमा बंद हवी. पदराच्या एका कोपऱ्यात दोन रेघा एकमेकींना भेटल्या नव्हत्या. डोळ्याला दिसणार नाही इतकी फट. जावईबापू म्हणाले, सीमा बंद नाही, भरणार नाही. कुठे उघडी आहे, हे ते असं सांगतात की त्यातून काही कळू नये. ती फट शोधण्यात तिचा शनिवार गेला आणि माझाही. भिंग घेऊन बसलेला मामा पाहून शेजाऱ्यांना वाटलं, मी स्टॅम्प पेपर तपासतोय.

कुंकवाची गोष्ट आणखी निराळी. कपाळावर गोल कुंकू काढलं आणि चित्र मोठं करून पाहिलं, की ते अष्टकोनी दिसतं. ‘रीजेन’ असा हुकूम द्यायचा, मग ते पुन्हा गोल होतं. जरा हलवलं, की परत कोपरे. छापून गोलच येतं, अशी खात्री सर देतात. पण काढणाऱ्या पोरीने तोवर अष्टकोनी कुंकवाच्या नवरीकडे भक्तिभावाने पाहत बसायचं.

हा सगळा दोष अशा सॉफ्टवेअरच्या जातीचाच म्हणावा, तर तसंही नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हाताने चित्र काढायची सोय अगदी सुरुवातीला दाखवली ती अमेरिकेतल्या एमआयटीत, आयव्हन सदरलँड नावाच्या विद्यार्थ्याने, 1963 साली. त्याच्या स्केचपॅडला माउस नव्हता, एक लाइट पेन पडद्यावर टेकवायचं आणि रेघ ओढायची. मशीन खोलीभर. आणि त्याने आपल्या प्रबंधात काय दाखवलं? पुलाची कैची दाखवली, सर्किट दाखवलं, ते ठीकच. पण एक डोळा मिचकावणारी मुलगीही दाखवली. साठ वर्षांपूर्वीच्या त्या मुलीचा डोळा हलत होता. आमच्या नवरीचे डोळे दोन कंसांचे आहेत, आणि ते मिटायचे म्हटले तर सीमा उघडी पडते.

सुटीत भाची अकोल्याला आली, की मुक्काम जठारपेठेत आमच्याकडे. तिचं घर पलीकडच्याच गल्लीत आहे, पण वायफाय आणि कूलर या दोन्ही गोष्टी आमच्याकडे आहेत. जावईबापूंची पार्श्वभूमी काळीकुट्ट असते, त्यावर पांढऱ्या-पिवळ्या रेघा. आईने एकदा मागून येऊन डोकावलं.

‘काऊन वं पोरी, लगनाची पत्रिका अन् काया रंगावर?’

‘आजी, तो रंग पत्रिकेचा नाही, सॉफ्टवेअरचा आहे. छापताना पांढरा होतो.’

‘मंग आतापासूनच पांढरा काऊन नाही ठेवत?’

‘सर म्हणतात, काळ्यावर डोळ्यांना त्रास होत नाही.’

‘त्या सराच्या लगनाची पत्रिका कायी होती का, इचार त्याले.’

पार्श्वभूमी बदलता येते, हे भाचीलाही माहीत आहे. पण लॅबमधली मशीनं रात्री बंद झाली, की सकाळी सगळ्या सेटिंग मूळपदावर येतात. रोज पहिली दहा मिनिटं सुतक फेडण्यात घालवायची, की काम सुरू करायचं? तिने काम सुरू करायचं ठरवलं. आई मात्र त्या दिवसापासून लॅपटॉप उघडा दिसला, की त्यावर हळदीकुंकवाचं बोट लावायला बघते.

लॅपटॉपचीही कहाणी आहे. जावईबापू साध्या घरात राहत नाहीत. दुकानदाराने तोंड भरून सांगितलं, की हे सॉफ्टवेअर चालवायचं तर गेमिंग लॅपटॉपच हवा. कापसाचे पैसे आले आणि बहिणीने तो घेतला. आता कधी एक गेम न खेळलेली पोरगी लाल-निळ्या दिव्यांच्या कीबोर्डवर गणपतीची सोंड मोजते. लॅपटॉप तापतोही तसाच. 2024च्या मे महिन्यात अकोल्यात उन्हासाठी कलम 144 लावावं लागलं होतं, पारा 45च्या पुढे होता. कामगारांना पाणी द्या, क्लासच्या वेळा बदला, असे हुकूम निघाले. लॅपटॉपचा उल्लेख त्यात नव्हता, पण आमच्या घरी त्याच्यापुरती वेगळी व्यवस्था झाली. कूलरसमोरची जागा आजवर वयाने ठरायची, पहिला मान आईचा. त्या मे महिन्यात आई भिंतीला टेकून पदराने वारा घेत होती आणि कूलरसमोर पाटावर जावईबापू. त्यांचा पंखा कूलरपेक्षा मोठ्याने ओरडत होता. लाइट गेली, की दोघेही गप्प व्हायचे आणि घराला खरी शांतता लाभायची.

आता मुख्य दुखण्याकडे येतो. पत्रिका म्हटल्यावर मजकूर आला, आणि मजकूर मराठीत असतो. भाचीने ‘हार्दिक निमंत्रण’ असं टाइप केलं. जावईबापूंनी ओळीने प्रश्नचिन्हं छापली. मराठी माणसाच्या लग्नाबद्दल इतकी स्पष्ट शंका आजवर कुणी घेतली नव्हती. सर म्हणाले, फॉन्ट बदल. फॉन्ट बदलला, तेव्हा पडद्यावर आलं: ‘हार्‌दकि नमिंत्‌रण’.

हे असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण यात जावईबापूंचा खरा स्वभाव दिसतो. युनिकोडमध्ये देवनागरी 1991पासून आहे. तिथे अक्षरं आपण बोलतो त्या क्रमाने साठवली जातात: आधी ‘न’, मग त्याची वेलांटी. कागदावर मात्र पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडे बसते. हा उलटफेर सॉफ्टवेअरने करायचा असतो. ‘र’चा पाय मोडला, की त्याचा रफार करून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवायचा, हेही त्यानेच. ज्याला हे येत नाही, तो वेलांटी आली तशी टाकून देतो, आणि ती ‘न’ला सोडून शेजारच्या ‘म’च्या गळ्यात पडते. विंडोज 2000मध्ये ही सोय आली, सोबत मंगल हा फॉन्ट आला. तो काढणारे र. कृ. जोशी आपल्या मराठी मुलखातले, आयआयटी मुंबईत अक्षरकला शिकवणारे. म्हणजे सबंध पिढी झाली, कॉम्प्युटरला मराठी जोडाक्षरं येतात. जावईबापूंच्या कानावर अजून ही बातमी आलेली नाही, निदान कॉलेजात पडून असलेल्या त्यांच्या जुन्या आवृत्तीच्या तरी नाही.

मग भाचीने जुना मार्ग धरला. वऱ्हाडात टायपिंग शिकलेल्या कुणालाही विचारा, तो कृतिदेवचं नाव घेईल. कृतिदेव, श्रीलिपी, आकृती या फॉन्टांनी भलतीच युक्ती केली होती. कॉम्प्युटरला मराठी शिकवायच्या भानगडीत न पडता त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवले. कृतिदेवात ‘हार्दिक’ लिहायचं, तर बोटांनी जी, के, एफ, एन, कॅपिटल झेड, डी अशा कळा दाबायच्या. एफ म्हणजे वेलांटी, ती हाताने लिहिताना देतो तशी आधीच द्यायची. कॉम्प्युटर समजतो, मालक काहीतरी बरळतोय. वाचणाऱ्याला मात्र ‘हार्दिक’ दिसतं. सॉफ्टवेअर कितीही भैताड असलं तरी हे चालतं, कारण त्याला विचार करायची पाळीच येत नाही.

घरी पत्रिका सुरेख झाली. पेन ड्राइव्ह गळ्यात घालून भाची अमरावतीला गेली आणि लॅबच्या मशीनवर फाइल उघडली. तिथे कृतिदेव नव्हता, आणि लॅबमध्ये फॉन्ट टाकायला परवानगी लागते. पडद्यावर मोठ्या दिमाखात ‘जीकेएफएनझेडडी’ झळकलं, अर्थात इंग्रजी अक्षरांत. सरांनी बराच वेळ पाहिलं. ‘कोणता देश घेतलास?’ त्यांनी विचारलं. विषय ‘प्रादेशिक लग्नपत्रिका’ असा होता, आणि एका मुलाने खरोखरच केरळ घेतला होता.

शेवटी ती गेली जिथे वऱ्हाडातलं प्रत्येक डिझाईन शेवटी जातं, तिथे. फ्लेक्सच्या दुकानात.

अकोल्यात गांधी रोडच्या मागल्या अंगाला एक दुकान आहे. मालकाला सगळे भाऊ म्हणतात. भाऊंच्या मशीनवर कोरेल ड्रॉ एक्स थ्री आहे, 2006चं. त्यानंतर कोरेलच्या कितीतरी आवृत्त्या आल्या, भाऊंनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. कुणी नव्या आवृत्तीत फाइल आणली, तर ते ती न उघडताच परत करतात: ‘व्हर्जन खाली करून आना.’ वाढदिवस, दहावीचे टक्के, ‘निवड झाल्याबद्दल’, श्रद्धांजली, सगळं त्या एक्स थ्रीतून निघतं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीने राजेश्वराच्या देवळात येतं, त्याआधीचा आठवडा भाऊ घरी जात नाहीत. प्रत्येक मंडळाचा फ्लेक्स वेगळा, आणि प्रत्येक फ्लेक्सवर चेहऱ्यांची रांग. कुणाचा चेहरा किती इंचाचा, कोण कुणाच्या उजवीकडे, कुणाचा फोटो गोल ‘पॉवरक्लिप’मध्ये आणि कुणाचा मोकळा, हे गणित कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. ते चुकलं, तर दुकानासमोर दहा मोटरसायकली उभ्या राहतात. भाऊंचं कधी चुकत नाही. माझ्या मते जिल्ह्यातलं डिझाईनचं सगळ्यात अवघड शिक्षण त्या दोन खुर्च्यांच्या दुकानात मिळतं, आणि त्याला प्रवेश परीक्षा नाही.

भाऊंनी भाचीच्या लॅपटॉपवर जावईबापू पाहिले. काळा पडदा, पिवळ्या रेघा, मोजलेला मोर.

‘ताई, हे काय लावलं बाप्पा तुमच्या कॉलेजनं? ह्याच्यात तं ट्रॅक्टरचे पार्ट निघते.’

‘भाऊ, ह्याच फाइलमध्ये द्यायचं आहे. नाही तर मार्क नाहीत.’

‘मंग पत्रिकेले ट्रॅक्टर जोडून द्या एखादा. वरात निघन.’

पण माणूस कामाचा. त्यांनी पत्रिकेचा सगळा मजकूर कीबोर्डकडे न पाहता टाइप केला, ‘श्री गजानन महाराज प्रसन्न’पासून ते किलबिलमधल्या चिंटू-पिंकीपर्यंत. मग कंट्रोल क्यू दाबून अक्षरांचे कर्व्ह केले, म्हणजे आता ती अक्षरं राहिली नाहीत, चित्रं झाली. वेलांटी पळून जायचा प्रश्न मिटला. ‘डीएक्सएफ करून देतो, तुमचा ट्रॅक्टर घेईल,’ ते म्हणाले. पैसे घेतले नाहीत. चहा मात्र तिलाच सांगायला लावला.

जावईबापूंनी डीएक्सएफ स्वीकारली, पण आपल्या पद्धतीने. वळणाची अक्षरं त्यांना झेपत नाहीत, म्हणून प्रत्येक वळणाचे बारीक बारीक सरळ तुकडे झाले. एकट्या ‘श्री’मध्ये इतक्या रेघा, की त्यात एखादं दुमजली घर बसलं असतं. फाइल सुजली. उघडायला लागली, की ओळ ओळ करत यायची. अमरावती-अकोला महामार्गावर जून 2022मध्ये सलग 75 किलोमीटरची डांबरी लेन 105 तास 33 मिनिटांत अंथरली गेली आणि तिची गिनेस बुकात नोंद झाली, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. त्याच वाटेने भाची एसटीने निघाली होती. बोरगाव मंजूला तिने मांडीवर लॅपटॉप ठेवून फाइल उघडायला लावली. मूर्तिजापूर आलं तेव्हा ‘चि. सौ. कां.’ पूर्ण झालं होतं. नवरदेवाचं नाव बडनेऱ्याच्या आसपास आलं. शेजारी बसलेल्या आजोबांनी वधूवरांची माहिती अशी हप्त्याहप्त्याने मिळवली आणि उतरताना विचारलं, ‘पोरगा काय करते?’

भाऊंचं एक्स थ्री म्हणजे काही अमृत नव्हे, हेही सांगून टाकतो. त्यातलं मराठी आतून इंग्रजीच आहे. पत्रिका मोबाइलवर मजकूर म्हणून पाठवायची म्हटली, की पुन्हा ‘जीकेएफएनझेडडी’. 2010मध्ये रुपयाचं नवं चिन्ह आलं, ते भाऊ अजून हाताने काढतात, आणि प्रत्येक वेळी थोडं वेगळं येतं. पण भाऊंचं सॉफ्टवेअर जुनं आहे ते भाऊंच्या कामाला पुरतं म्हणून. कॉलेजचं जुनं आहे, कारण बदलायला कुणी उठलं नाही.

बरं, मधला रस्ता नाही असंही नाही. इंकस्केप नावाचं सॉफ्टवेअर 2003पासून जगभर फुकट मिळतं, त्यात वळणं वळणांसारखी निघतात आणि ‘हार्दिक’ हार्दिकच राहतं. साध्या लॅपटॉपवर चालतं, कूलर मागत नाही. फॉन्ट बनवणाऱ्या ‘एक टाइप’च्या मुक्ता, बालू या फॉन्टांनाही पैसे पडत नाहीत, आणि त्यांची देवनागरी बघत राहावी अशी आहे. भाचीने हे सगळं कागदावर लिहून, वर ‘विनंती अर्ज’ असं लिहून, सरांपुढे ठेवलं. सर मनाने चांगले आहेत. त्यांनी पूर्ण वाचलं.

‘किंमत लिहिली नाहीस.’

‘सर, फुकट आहे.’

‘मग कोटेशन कुणाचं घ्यायचं?’

ती गप्प. सरांनी तिला समजावलं, की तीन कोटेशनं आल्याशिवाय वर काही पाठवता येत नाही, आणि शून्य रुपयांची तीन कोटेशनं आणली तर त्यातलं कमीत कमी कोणतं, ते ठरवणार कसं? शिवाय विकत घेतलेल्या गोष्टीचं उद्घाटन होतं, पाहुणे येतात, पेपरात फोटो येतो. डाउनलोड केलेल्याला हार कुठे घालायचा? यावर मला तरी उत्तर सुचलं नाही. सुचलं कुणाला, तर भाचीला आवर्जून कळवा.

सबमिशनच्या नियमात एकच ओळ ठळक छापली आहे: फाइल अमुकच प्रकारची असावी. म्हणजे मार्क नवरीला नाहीत, मोराला नाहीत, फाइलच्या नावामागच्या शेपटाला आहेत. पत्रिकेचं खरं डिझाईन भाचीने पेन्सिलने केलं होतं, वहीच्या मागच्या पानावर, गिलावडा खाताना. मोराची मान त्या पानावर एका दमात आलेली आहे, त्रिज्येशिवाय. त्या पानावर दह्याचा डाग आहे. ते पान सबमिशनला चालत नाही. मी ते पाहिलं आहे, आणि माझ्या मते कोर्सभरात तिने काढलेलं सगळ्यात चांगलं चित्र तेच.

बाह्य परीक्षक मेकॅनिकल शाखेचे होते. डिझाईनचा परीक्षक मिळाला नव्हता, आणि सॉफ्टवेअर त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांनी नवरी उघडली आणि चष्मा कपाळावर घेतला.

‘डायमेन्शन कुठे आहेत?’

‘कशाचे, सर?’

‘हे.’ त्यांनी नथीवर बोट ठेवलं.

भाचीने नथ मोजली. बावीस मिलिमीटर भरली.

‘टॉलरन्स?’

‘सोनाराला विचारून सांगते, सर.’

ते हसले नाहीत, तिनेही हसायचं टाळलं. मग त्यांनी गणपतीच्या हातातल्या मोदकाचा सेक्शनल व्ह्यू मागितला. तिने तिथल्या तिथे मोदक उभा कापला, उकडीला एक भरण दिलं, सारणाला दुसरं. उकडीला माती आली आणि सारणाला गिट्टी. इथे मात्र परीक्षक खूश झाले. कापलेला भाग कसा दाखवायचा, हे वर्गात फक्त हिलाच येतं, असं त्यांनी सरांना मोठ्याने सांगितलं. मार्क उत्तम पडले. ज्या पोराने केरळची पत्रिका मल्याळममध्ये केली होती, त्याच्या वाट्याला प्रश्नचिन्हंच आली होती, पण परीक्षकांना वाटलं तीच ती लिपी, आणि तोही सुटला.

सही झाली, चहा आला. सर बाहेर गेले तसे परीक्षकांनी आवाज खाली आणला.

‘बेटा, माझ्या मुलीचं लग्न आहे फेब्रुवारीत. तुझी ही मांडणी आवडली मला. पण प्रिंटर म्हणते, ह्या फाइलले मी हात लावत नाही. कोरेलची सीडीआर आना म्हणते. आहे तुझ्याकडे?’

‘आहे ना, सर. कोणत्या व्हर्जनला देऊ?’

भाचीने दर सांगितला. डिझाईनचे वेगळे, प्रूफ दोनदा मोफत, त्यानंतर प्रत्येक बदलाचे पैसे. ही अट तिला भाऊंनी शिकवली होती आणि ती किती मोलाची आहे, ते लगेच दिसलं. पहिलं प्रूफ गेलं, ‘विनीत’मध्ये एक काका राहिले म्हणून परत आलं. दुसरं गेलं, काकांच्या आधी त्यांचे मोठे भाऊ हवेत म्हणून परत आलं. आता किलबिलमध्ये नागपूरच्या आत्याची दोन्ही पोरं घालायची आहेत, आणि तेवढ्यासाठी पैसे कशाला, असं परीक्षकांचं म्हणणं आहे.